बावीस सेकंद

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी 'सुप्रभात म्हसावद' या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला आणि भाईदास मास्तरांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात. शहादा-धडगाव गाडीवर त्यांनी एकवीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर खाकी उतरली, नाव मात्र राहिलं. माणूस कडक. गाडीत बकरी चढली तर तिचे पैसे घेतल्याशिवाय घंटी वाजवायची नाही, मग मालक ओळखीचा असो की भाऊबंद. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात बसून करायला काहीच नव्हतं. मुलगा योगेंद्र सुरतेला, सून-नातवंडं तिकडेच. त्यानं दिवाळीला मोठा मोबाईल घेऊन दिला आणि मास्तर त्यात शिरले ते शिरलेच.

ग्रुप त्यांनीच काढला होता. दोनशे चौदा माणसं त्यात. रोज पहाटे सूर्यफुलाच्या चित्रावर एक सुविचार, मग कुणाचा वाढदिवस, कुणाची दशक्रिया. फेसबुकवर तर त्यांनी स्वतःला पूर्ण उघडून ठेवलं होतं. जन्मतारीख, मोबाईल नंबर, बेबीबाईंबरोबरचा सप्तशृंगीचा फोटो, नातीच्या शाळेचं नाव. ग्रुपमध्ये शिरायची लिंकसुद्धा सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली. मैत्रीची विनंती कुणाचीही येवो, मास्तर नाकारत नसत. "मानसं जोडी ऱ्हायनू मी," असं ते बेबीबाईंना अहिराणीत सांगत. बेबीबाई मान हलवत आणि भाकरी उलटत.

अशीच एक काजल नावाची बाई जोडली गेली. दोन दिवस "नमस्ते जी, खाना खाया?" एवढंच चाललं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, बेबीबाई भावाकडे लोणखेड्याला गेलेल्या असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मास्तर बनियनवर होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोन उचलला. समोर एक तरुण बाई हसत होती, आणि हसता हसता तिनं अंगावरचे कपडे काढायला सुरुवात केली.

फोन बंद झाला तेव्हा पडद्यावर आकडा होता, बावीस सेकंद.

पाच मिनिटांत एका पुरुषाचा फोन आला. वीस हजार पाठवा, नाहीतर सगळ्या गावाला दाखवतो. मास्तरांचं रक्त तापलं. "एक रुपया नहीं दूँगा, क्या करना है कर ले," म्हणून त्यांनी फोन आदळला. धमक्या रविवारी आल्या, सोमवारी आल्या. मास्तरांनी ऐकल्या, कुणाला सांगितल्या नाहीत. मंगळवारी त्या माणसानं फेसबुकवरचीच लिंक दाबली, ग्रुपमध्ये शिरला आणि व्हिडिओ टाकून निघून गेला.

त्यात एका बाजूला ती बाई होती आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांचा चेहरा. चेहऱ्याखाली भलत्याच कुणाचं तरी अंग बेमालूम जोडलेलं होतं. ते अंग काय करत होतं ते सांगण्यासारखं नाही. मास्तरांनी पुसेपर्यंत एकशे साठ जणांनी पाहिलं होतं. कुणीतरी हसऱ्या तोंडाच्या तीन खुणा टाकल्या. मग एकेक बाई ग्रुप सोडून जाऊ लागली. तिसरी गेली ती सून.

बेबीबाईंना शेजारणीनं दाखवलं. त्या घरी आल्या, हातातली पिशवी खुंटीला लावली आणि स्वयंपाकाला लागल्या. त्या दिवसापासून त्या मास्तरांशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढलेलं असायचं, पाणी भरलेलं असायचं, माणूस नसायचा.

योगेंद्रचा फोन आला. "पप्पा, ते सगळं बंद करून टाका आणि काही दिवस इकडे या." मास्तर म्हणाले, "मी कोठेच जावाव नही. जानार तो दुसराच."

गावात कुणी तोंडावर बोललं नाही. चहाच्या टपरीवर मास्तर आले की गप्पा थांबत आणि ते वळले की पाठीमागे फिसकन् हसू फुटे. खोटं आहे, चिकटवलेलं आहे, असं त्यांनी चार जणांना सांगून पाहिलं. चौघांनीही फार समजूतदारपणे मान हलवली. त्या समजूतदार माना मास्तरांच्या डोक्यात रुतल्या. झोपेतून उठले की पहिला विचार एकच, तो माणूस सापडला पाहिजे. सापडल्यावर काय करायचं हेही ते रोज ठरवत. कधी हात तोडत, कधी नागवा करून बाजारातून फिरवत.

नंदुरबारला सायबर पोलिसांकडे त्यांनी तक्रार दिली. तिथल्या अधिकारी कामिनी वळवी, वयानं त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"काका, मोबाईल नंबर फेसबुकवर कशाला टाकला होता?"

"लोकांनी फोन करावा म्हणून."

"केला ना मग," त्या म्हणाल्या आणि त्यांचा मोबाईल घेऊन एकेक दार बंद करत गेल्या. कोण काय पाहू शकतं, ग्रुपची लिंक, नातीच्या शाळेचं नाव. पैसे दिले नाहीत हे बरं केलंत, म्हणाल्या. देणाऱ्याकडे ते पुन्हा पुन्हा येतात. सरकारच्या एका संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही पाहता येतं. मास्तरांच्या नावावर एकच निघालं, त्यांचंच.

दोन महिन्यांनी ते चौकशीला पुन्हा गेले. "तो धमकीचा नंबर कुणाचा निघाला?"

"तपास चालू आहे. नाव सांगता येत नाही."

पण टेबलावर कागद होता. एकवीस वर्षं समोरच्याच्या हातातलं तिकीट उलट्या बाजूनं वाचलेल्या माणसाला एक ओळ वाचायला कितीसा वेळ लागतो? जामसिंग पावरा, कुंडीपाडा, तालुका धडगाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी टॉवेलात विळा गुंडाळला, पिशवीत घातला आणि धडगावची गाडी धरली. तिकीट काढलं. रस्ता तोच, राणीपूर, मग घाट, सागाची पानं झडलेली. प्रत्येक वळण त्यांना तोंडपाठ होतं. कुंडीपाड्याला उतरून तासभर चढ चढावा लागतो. चढता चढता ते मनात त्या माणसाला शिव्या देत होते आणि शिव्यांनीच त्यांना दम पुरत होता.

घरापुढे अंगणात एक म्हातारा मक्याची कणसं सोलत बसला होता. पाहुणा दिसताच त्यानं डोळ्यांवर हात धरला. "मास्तर? तू?"

पावरी बोलणारी माणसं लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यात राग नसतो. मास्तर मात्र चमकले. "तू मला ओळखतोस?"

"नाही ओळखणार? माझ्या बकरीचे पैसे घेतले तू. दोनदा."

"जामसिंग तूच का?"

"मीच. बस. पाणी पी."

मास्तर बसले नाहीत. घाम पुसायला त्यांनी पिशवीतला टॉवेल ओढला, तसा विळा खणकन् खाली पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"हा माझ्यासाठी आणला?" जामसिंगनं विचारलं.

"हो."

म्हाताऱ्यानं विळा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला. "धार नाही याला," म्हणाला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

मास्तर तिथंच कणसांच्या ढिगाशेजारी बसले आणि पोलिसांखेरीज कुणालाच न सांगितलेली सगळी गोष्ट, बाईसकट, त्यांनी या परक्या माणसाला सांगितली. जामसिंगनं घरातून आपला फोन आणला. बटणांचा, रबर लावून बांधलेला. त्यातला नंबर दुसराच होता. धमकीच्या नंबराबद्दल तो एवढंच जाणत होता की त्यापायी पोलिसांनी त्याला सोमवारी नंदुरबारला बोलावलंय आणि सून रडतेय की सासऱ्याला आत टाकतील.

"सिम कुठून घेतलंस हे?"

"बाजारात. छत्रीवाला बसतो तिथं. अंगठा ठेव म्हणाला. ठेवला. म्हणाला, मशीनला दिसत नाही, तुझा अंगठा कामानं घासलाय. परत ठेव. परत ठेवला. चार वेळा, पाच वेळा. सिम एकच दिलं."

मास्तर म्हाताऱ्याला घेऊन वरच्या टेकाडावर गेले, कारण रेंज तिथंच मिळत होती. आपल्या मोबाईलवर त्यांनी ते सरकारी संकेतस्थळ उघडलं, जामसिंगच्या फोनवर आलेले आकडे त्यात भरले आणि खाली यादी आली. जामसिंग पावरा या नावावर सात नंबर होते.

"सात?" जामसिंग म्हणाला. "माझी पोरं पण सात नाहीत."

तो हसला नाही. मास्तरही हसले नाहीत. त्या टेकाडावर मास्तरांच्या रागाला नवा पत्ता मिळाला.

धडगावच्या बाजारात तो छत्रीवाला होता. भूपेश त्याचं नाव, शहाद्याचा, पंचविशीचा, गोड तोंडाचा. रंगीत छत्रीखाली टेबल, त्यावर अंगठ्याचं यंत्र. "या मामा, या मावशी," करत तो बोलावायचा आणि सिमबरोबर प्लास्टिकची बादली फुकट द्यायचा. मास्तर समोरच्या भजीवाल्याच्या बाकड्यावर बसले. त्यांनी घाई केली नाही. एका बाजारी, दुसऱ्या बाजारी, तिसऱ्या बाजारी ते तिथंच बसून राहिले. माणूस किती वेळा अंगठा ठेवतो आणि हातात किती सिम घेऊन जातो, एवढंच ते मोजत होते. मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी बाजार पांगला की जामसिंग माणसं घेऊन येई, भाचे, व्याही, पाड्यावरच्या बाया. मास्तर प्रत्येकाची यादी काढून वहीत उतरवत. कुणाच्या नावावर पाच, कुणाच्या आठ. एकतीस माणसांची एकशे ब्याऐंशी सिमकार्डं, ज्यांतली दीडशे त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

या दिवसांत मास्तरांना भूक लागू लागली. चालण्यात जोर आला. टपरीवर कुणी हसलं तरी आता ते ओठांतल्या ओठांत म्हणत, हसा, थोडेच दिवस.

वही त्यांनी कामिनी मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी पानं उलटली, मग त्यांच्याकडे पाहिलं. "काका, पुढच्या बाजारी आम्ही येतो. तुम्ही काही करायचं नाही. फक्त तो पळणार नाही एवढं बघा."

बाजाराच्या दिवशी पोलिसांची गाडी घाटात अडकली, पुढे ट्रक आडवा झाला होता. इकडे जामसिंग ठरल्याप्रमाणे छत्रीखाली जाऊन उभा राहिला. भूपेशनं त्याला ओळखलं नाही. रोज शेकडो अंगठे बघणारा माणूस चेहरे कशाला लक्षात ठेवील? त्यानं जामसिंगचा अंगठा काचेवर दाबला. "मामा, दिसत नाही. परत ठेवा."

जामसिंगनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट पकडलं. "मला दिसतोय," तो म्हणाला.

एकतीस माणसं चारी बाजूंनी पुढे आली. कुणी हात उगारला नाही, कुणी ओरडलं नाही. नुसती उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. भूपेशनं बॅग उचलून पाहिली, पण बाहेर पडायला वाट नव्हती. तेवढ्यात मास्तर कडं फोडून आत गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"माले वळखस?"

"नाही काका."

मास्तरांनी मोबाईल काढला. ज्या व्हिडिओसाठी त्यांना गावात मान वर करता येत नव्हती, जो त्यांनी पुराव्यासाठी ठेवला होता पण पहिल्या दिवसानंतर स्वतः उघडला नव्हता, तो लावला आणि भूपेशच्या डोळ्यांसमोर धरला. तो मान वळवू लागला तसा त्यांनी त्याचा जबडा पकडला. "देख. सगळा देख. हाऊ कोन शे?"

"तुम्ही... तुम्ही शेत, काका."

"आनि जो नंबरवरीन हाऊ उना, तो कोनी विका?"

भूपेशचे गुडघे टेकले. हात जोडून तो अहिराणीतच रडू लागला. "काका, मी फक्त सिम दिधात. ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पाकीट ठेवी देस, पुढे कोन लेस ते माले मालूम नही. मन्ही माय एकटी शे. बहीन कॉलेजले शे. सोडी द्या काका, पाया पडस."

मास्तरांनी मोबाईल त्याच्याकडे वळवला आणि लाल ठिपका दाबला. "पुन्हा सांग. नाव सांग. बापनं नाव सांग. गाव सांग."

भूपेशनं सांगितलं. नाक वाहत होतं, शर्ट घामानं भिजलेला, बादल्या आजूबाजूला घरंगळलेल्या. मास्तरांनी दोनदा सांगायला लावलं. मग ते बाजूला झाले आणि भजीवाल्याच्या बाकड्यावर बसून तो व्हिडिओ 'सुप्रभात म्हसावद'वर टाकला. तिथून कंडक्टरांच्या ग्रुपवर, तिथून शहाद्याच्या दोन ग्रुपवर. सोबत एक ओळ लिहिली, हा पाहा खरा नागवा.

पाऊण तासानं पोलीस आले. बॅगेत चालू केलेली सदतीस सिमकार्डं निघाली. भूपेशला गाडीत घातलं तेव्हा मास्तरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी दोन प्लेट भजी मागवली आणि जामसिंगला बळेच खाऊ घातली.

गावात शिरताना टपरीवरच्या लोकांनी उठून नमस्कार केला. ज्यानं तीन हसऱ्या खुणा टाकल्या होत्या, त्यानंच चहाचे पैसे दिले. मास्तरांनी तो चहा सावकाश, सगळ्यांसमोर, उभं राहून प्यायला.

दुसऱ्या दिवशी कामिनी मॅडमचा फोन आला. आवाज थंड होता. "काका, तो व्हिडिओ ताबडतोब पुसा. हाही गुन्हाच आहे, तुमच्यावर होऊ शकतो."

"पुसतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सगळीकडून पुसला. बाहेर पडलेला व्हिडिओ आपल्या पुसण्यानं पुसला जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो नवापुरापर्यंत गेला होता. ठाऊक होतं म्हणूनच तर टाकला होता.

आठवड्यानं दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात चप्पल. भूपेशची आई, भिकुबाई.

"मन्हा पोऱ्यानी पाप करं," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "त्याले जेल व्हवू द्या, मी काही म्हनत नही. पन पोरगीनी कॉलेज सोडी दिधं, दादा. पोरी तिले मोबाईल दखाडतस. तिनी काय करं व्हतं?"

मास्तर खाटेवर बसले होते. "मन्ही नातनी काय करं व्हतं?" ते म्हणाले. "तिले बी शाळामा दखाडा पोऱ्यासनी."

बेबीबाई आतून तांब्या घेऊन आल्या, भिकुबाईला पाणी दिलं, तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा दिवस कलला होता. त्या मास्तरांसमोर भिंतीला टेकून बसल्या आणि साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा बोलल्या.

"एक इचारू? तुम्ही तो फोन लगेच बंद काबर नही करा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बोट चुकलं, चष्मा नव्हता, घाबरलो, अशी सगळी उत्तरं तयार होती. लोकांना दिलेली होती. बेबीबाई बघत होत्या.

"माले बरं वाटनं," ते म्हणाले. "कोनी तरी माले फोन करा, आनि देखीसन हासनं. तेन्हाकरता."

बेबीबाई उठल्या. "आते खरं बोलनात," म्हणाल्या. "हाई सगयं करापेक्षा त्याच दिन बोलतात तं बरं व्हतं." त्यांनी दिवा लावला आणि दोघांचं जेवण एकत्र वाढलं. बोलणं त्या दिवसापासून सुरू झालं. पण शहाद्याला जाऊन त्या भूपेशच्या बहिणीची विचारपूस करून आल्या, आणि ते त्यांनी मास्तरांपासून लपवलं नाही.

व्हिडिओ करणारा खरा माणूस मिळाला नाही. नंबर कुठल्यातरी परराज्यात बंद पडला होता. जामसिंगला साक्षीदार केलं, त्याच्या नावावरचे सहाही नंबर बंद झाले. भूपेश दोन महिन्यांनी जामिनावर सुटला. त्यानं छत्री-टेबल विकलं, असं कुणीतरी म्हणालं.

शहाद्याच्या कोर्टात खटल्याची तारीख पडते तेव्हा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या गाडीनं जातात. त्यांची गरज नसते, सरकारी वकिलांनी दोनदा सांगितलंय.

"पुरं करा आते," बेबीबाई निघताना म्हणतात.

"जाई येस," मास्तर म्हणतात.

पुकारा झाला की ते आत जाऊन पुढच्या बाकावर बसतात, भूपेशच्या अगदी समोर. मागे भिकुबाई असते, कधी तिची मुलगीही डबा घेऊन आलेली असते, ओढणीनं चेहरा झाकून. मास्तर तिच्याकडे पाहत नाहीत. ते भूपेशकडे बघतात, पापणी न हलवता, तो मान खाली घालेपर्यंत. त्यानं मान खाली घातली की उठतात आणि बाहेर जाऊन चहा घेतात.